नांवाची वही घरीं ठेवावी काय?

गेल्या महिन्यांत कऱ्हाडाहून आमच्या एका जुन्या वाचकांचें पत्र आलें. त्यांच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात. वडील चुलत्यांनीं वीस वर्षें गांवोगांव हिंडून जमविलेला कुलवृत्तांत छापावयास द्यावा, तर छपाई होईपर्यंत दोन बारशीं व एक लग्न होऊन वंशावळ पुन्हां जुनी व्हावयाची. म्हणून त्यांनीं त्याचें संकेतस्थळच केलें. विशेष हें कीं, त्यासाठीं कोणा कंपनीची जागा भाड्यानें न घेतां माजघरांतल्या फडताळांत पुस्तकाएवढें एक यंत्र ठेवून त्यावरूनच तें चालविलें आहे. आतां ते विचारतात, “संकेतस्थळ आमच्या घरांत आहे; पण त्याचें नांव सांगणारा डी. एन. एस. सर्व्हर मात्र नांव विकणाऱ्या कंपनीकडे आहे. तोहि घरींच उभारला तर कसें?”

हा प्रश्न ह्यापूर्वींहि तीन-चार वाचकांनीं निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे, व आम्ही तो लांबणीवर टाकीत आलों. त्याचें कारण आळस नव्हे. ह्या विषयांत आमचे स्वतःचे हात एकदां चांगलेच पोळले आहेत, आणि ती हकीकत सांगितल्यावांचून उत्तर पुरें व्हावयाचें नाहीं. आज ती सांगावयाचें आम्हीं ठरविलें आहे. ज्या व्यक्तीचें त्यांत नुकसान झालें तिची परवानगी घेतली आहे.

प्रथम हा सर्व्हर करतो काय, तें पाहूं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं नाशकास किंवा त्र्यंबकेश्वरीं जाऊन आपल्या घराण्याच्या क्षेत्रोपाध्यायांकडची वही पाहिली असेल. गांवांत पाऊल टाकल्यावर तुमच्या पणजोबांचें नांव तेथें कोणालाच ठाऊक नसतें. परंतु गोदेच्या कांठीं ‘आडनांव अमुक, मूळ गांव अमुक’ एवढें सांगितलें कीं, कोणी तरी योग्य घराची वाट दाखवितो. तो स्वतः तुमची वही ठेवीत नाहीं. ती कोणाकडे आहे एवढेंच त्याला माहीत असतें. शेवटीं ज्यांच्याकडे वही असते ते उपाध्याय फडक्यांत बांधलेलें बाड सोडतात आणि तुमच्या पणजोबांच्या हातचीं अक्षरें तुमच्यापुढें ठेवतात. त्या घराण्यापुरता त्या वहींतला शब्द अखेरचा.

डी. एन. एस.ची सगळी व्यवस्था ह्याच धर्तीची आहे. यंत्रें एकमेकांना नांवानें ओळखीत नाहींत, आंकड्यांनीं ओळखतात. ब्राउझरांत आपण ‘अमुक डॉट इन’ असें लिहिलें कीं, तो प्रश्न बहुधा इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या एका चौकशी-सर्व्हराकडे जातो, आणि मग तो सर्व्हर यात्रेकरूसारखा हिंडूं लागतो. प्रथम तो मूळ सर्व्हराकडे जातो. मूळ सर्व्हरांचीं नांवें तेराच, ‘ए’पासून ‘एम’पर्यंत, मात्र त्या तेरा नांवांखालीं जगभर हजारावर ठिकाणीं प्रती बसविलेल्या आहेत, व त्यांतल्या कांहीं मुंबईंतहि आहेत. मूळ सर्व्हर म्हणतो, ‘अमुक कोण तें मला ठाऊक नाहीं, पण डॉट इनची वही कोणाकडे आहे तें सांगतों.’ डॉट इनचा सर्व्हर म्हणतो, ‘अमुक डॉट इनची वही ह्या दोघांकडे आहे, त्यांना विचारा.’ त्या दोघांपैकीं एकाला विचारलें म्हणजे आंकडा हातीं येतो. हा सारा प्रवास डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत होतो, म्हणून तो होतो हेंच आपल्याला कळत नाहीं. कऱ्हाडच्या गृहस्थांना घरीं उभारावयाचा आहे तो हा शेवटचा, वहीवाला सर्व्हर.

ही व्यवस्था आरंभापासून नव्हती. अमेरिकेंतल्या आर्पानेट ह्या जुन्या जाळ्यावर जोंवर शेंदोनशें यंत्रें होतीं, तोंवर सर्वांचीं नांवें व आंकडे एकाच यादींत असत. ती यादी कॅलिफोर्नियांत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें एलिझाबेथ फाइन्लर ह्या बाईंच्या देखरेखीखालीं ठेविली जाई, आणि ज्याला त्याला ती तेथून उतरून घ्यावी लागे. यंत्रें वाढलीं तसें हें काम हाताबाहेर गेलें. तेव्हां पॉल मोकापेट्रिस ह्यांनीं १९८३ सालीं वही वांटून देण्याची कल्पना मांडली. ज्याचें घर त्यानें त्याची वही ठेवावी, व वरच्यानें फक्त खालच्याचा ठावठिकाणा सांगावा. १९८७ च्या नोव्हेंबरांत ह्या योजनेचे सुधारलेले नियम प्रसिद्ध झाले, व त्यांच्याच पायावर आजचें काम चाललें आहे. तात्पर्य, आपली वही आपण ठेवावी ही कऱ्हाडच्या गृहस्थांची इच्छा मूळ योजनेच्या विरुद्ध तर नाहींच, उलट तिला धरून आहे.

आतां आमची हकीकत. आमचें कुटुंब मोठें आहे. वडील बंधु, त्यांना आम्ही दादा म्हणतों, ते साताऱ्यास, बहीण बडोद्यास, आम्ही व धाकटे बंधु पुण्यास एकाच घरीं. सात वर्षांपूर्वीं आम्हीं कुटुंबाच्या नांवाचें एक नांव नोंदवून घेतलें. त्या नांवावर दोन गोष्टी चालत. एक संकेतस्थळ, त्यांत आईचीं पत्रें, वडिलांच्या रोजनिशा आणि छायाचित्रें. तें पुण्याच्या घरांतल्या यंत्रावर होतें. दुसरी, घरांतल्या सर्वांच्या ई-मेलच्या पेट्या. त्या मात्र बाहेरच्या एका कंपनीच्या यंत्रावर ठेविल्या होत्या, कारण टपाल सांभाळण्याचें काम किती किचकट आहे हें आम्हांला आधींच कळलें होतें. पुढें आम्हांलाहि कऱ्हाडच्या गृहस्थांसारखीच हौस आली. इंटरनेट पुरविणाऱ्यांकडून स्थिर आय. पी. पत्ता घेतलेला होताच. एका रविवारीं बसून आम्हीं त्याच यंत्रावर बाइंड नांवाचा डी. एन. एस.चा कार्यक्रम चढविला, वही लिहिली, आणि नांव नोंदविणाऱ्या कंपनीच्या पानावर जाऊन आमच्या सर्व्हराचें नांव भरलें.

त्या पानावर दोन सर्व्हरांचीं नांवें मागितलीं होतीं. आमच्याकडे तर एकच होता. तेव्हां आम्हीं पहिल्याला ‘एन. एस. एक’ म्हटलें, दुसऱ्याला ‘एन. एस. दोन’ म्हटलें, आणि दोहोंपुढें तोच एक आंकडा लिहिला. पानानें तें निमूटपणें घेतलें. आपण मोठी युक्ति केली असें वाटून त्या दिवशीं आम्हीं घरांत पेढेहि वांटले.

दीड वर्ष सर्व सुरळीत चाललें. मग गणपतीचे दिवस आले. आमचें मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यांत आहे. त्या वर्षीं सगळ्यांनीं मिळून तिकडे जावयाचें ठरलें. पुण्याच्या घराला कुलूप लागलें. तिसऱ्या रात्रीं पुण्यास विजांचा गडगडाट झाला व आमच्या घरचा मुख्य स्विच खालीं पडला. तो पुन्हां वर करावयास घरांत कोणी नव्हतें. गांवीं फोन धड लागत नव्हता, आणि लागता तरी संकेतस्थळ पाहण्याची त्या गडबडींत कोणाला आठवण होती? अनंत चतुर्दशी करून आम्ही परत आलों तेव्हां यंत्र बंद पडून आठ दिवस होऊन गेले होते. स्विच वर केला, यंत्र सुरू झालें, आम्हीं ‘चला, कांहीं बिघडलें नाहीं’ असें म्हटलें.

बिघडलें होतें. धाकट्या बंधूंच्या मुलीनें एका शिक्षणसंस्थेंत संशोधनाच्या जागेसाठीं अर्ज केला होता. तिची निवड झाल्याचें पत्र ह्याच आठ दिवसांत निघालें होतें व ठराविक मुदतींत होकार मागितला होता. तें पत्र तिच्या पेटींत कधीं पडलेंच नाहीं. पाठविणाऱ्या यंत्रानें पांच दिवस वारंवार प्रयत्न केला व शेवटीं पत्र परत केलें. आम्ही परतल्यावर तिनें फोन केला तों जागा यादींतल्या पुढच्या उमेदवाराला गेली होती. संस्थेचा त्यांत कांहींच दोष नव्हता. त्यांनीं आपलें पत्र वेळेवर पाठविलें होतें.

त्या संध्याकाळीं ती आमच्यासमोर येऊन बसली. रडली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, “काका, टपालपेटी तर आपल्या घरांत नव्हतीच ना? ती कंपनीच्या यंत्रावर होती आणि तें यंत्र चालू होतें. मग पत्र परत कां गेलें?”

ह्या प्रश्नाचें उत्तर देतांना आमची जीभ जड झाली. पेटी शाबूत होती, तिचें यंत्रहि शाबूत होतें. परंतु ‘ह्या नांवाचें टपाल कोणाकडे द्यावयाचें’ हें लिहिलेली ओळ घरच्या वहींत होती, आणि वही अंधारांत. पत्र घेऊन निघालेल्याला घर कोठें आहे तें सांगणाराच जागेवर नव्हता. पहिल्या दिवशीं कोणाला कांहीं जाणवलें नाहीं, कारण एकदां मिळालेलें उत्तर चौकशी-सर्व्हर कांहीं काळ ध्यानांत ठेवतात व आम्हीं ती मुदत एक दिवसाची दिली होती. दिवस उलटला व सर्वांची आठवण पुसली गेली.

दादांना फोनवर सगळें सांगितलें. ते इंजिनिअर नाहींत. आयुष्यभर त्यांनीं शाळेंत संस्कृत शिकविलें. पण त्यांनीं जें म्हटलें त्याहून नेमकें कोणी इंजिनिअरहि बोलला नसता. “अरे, घराला दोन दारें आहेत म्हणून लोकांना सांगितलेंस, आणि एकच दार दोनदां मोजलेंस!”

पुतणीला पुढच्या वर्षीं दुसरीकडे जागा मिळाली. तिचें एक वर्ष मात्र गेलें, आणि तें आमच्या हौसेपायीं गेलें.

दोन सर्व्हर मागतात ते सरकारी खाक्या म्हणून नव्हे. १९९७ सालच्या जुलैंत ह्या एकाच विषयावर एक स्वतंत्र मार्गदर्शक टिपण निघालेलें आहे. त्यांत असें सांगितलें आहे कीं, दुय्यम सर्व्हर पहिल्यापासून भूगोलानेंहि दूर असावा व जाळ्याच्या दृष्टीनेंहि वेगळ्या वाटेवर असावा. दोनांपेक्षां तीन बरे. हें न पाळल्यामुळें फजीत झालेले आम्ही एकटेच नाहीं, एवढाच काय तो दिलासा. २००१ च्या जानेवारींत मायक्रोसॉफ्टचीं संकेतस्थळें जवळजवळ एक दिवस दिसेनाशीं झालीं. त्यांचे चार डी. एन. एस. सर्व्हर होते, पण चारहि जाळ्याच्या एकाच भागांत, आणि त्या वाटेवरच्या राउटराच्या मांडणींत चूक झाली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक सुमारें सहा तास जगांतून नाहींसें झालें. तेथें मूळ चूक निराळी होती. पण तिच्या पोटीं त्यांच्या डी. एन. एस. सर्व्हरांकडे जाणारी वाटच पुसली गेली, आणि सर्व्हर धडधाकट असून कोणाला सांपडेनात. श्रीमंतांच्या घरींहि दोन दारें एकाच ओसरीवर उघडत असतात.

असो. कऱ्हाडच्या गृहस्थांना आमचें उत्तर असें आहे. वही घरीं लिहा, परंतु ती वाचून दाखविण्याचें काम घराबाहेरच्या दोघांकडे द्या. ह्या मांडणीला जाणते लोक ‘लपलेला मुख्य सर्व्हर’ असें म्हणतात. घरच्या यंत्रावर मूळ वही असते. तींत जो फेरफार करावयाचा तो तुम्ही करतां. फेरफार झाला कीं घरचें यंत्र बाहेरच्या दुय्यम सर्व्हरांना निरोप पाठवितें व ते येऊन नवी प्रत उतरून घेतात. जगाला फक्त त्या दुय्यमांचीं नांवें ठाऊक असतात. घरचा दिवा गेला तरी त्यांचें काम चालू राहतें. दुय्यम प्रत ठेवून देणाऱ्या संस्था आहेत. कांहीं थोडें शुल्क घेतात, कांहीं घेत नाहींत. शिवाय एकत्र कुटुंबाला एक सोय अशी आहे जी एकट्यादुकट्याला नसते. परगांवीं नातेवाईक असतात. आमची एक प्रत आतां बडोद्यास बहिणीच्या घरीं आहे, व तिचें इंटरनेट दुसऱ्या कंपनीचें आहे. दुसरी प्रत एका संस्थेकडे आहे.

घरीं कांहीं आरंभण्यापूर्वीं इंटरनेट पुरविणाऱ्यांना दोन गोष्टी विचाराव्या. पत्ता स्थिर आहे काय, आणि तो खरोखरच तुमचा एकट्याचा आहे काय? हल्लीं पुष्कळ कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. वाड्यांतल्या दहा बिऱ्हाडांना एकच दारक्रमांक असावा तसें. अशा पत्त्यावर बाहेरच्यानें येऊन तुमचें दार ठोठावणें शक्य नसतें. कऱ्हाडचें संकेतस्थळ बाहेरून दिसतें आहे, त्याअर्थीं ती अडचण त्यांना नसावी. परंतु पत्ता जर आठ-पंधरा दिवसांनीं बदलत असेल, तर मूळ वहीहि बाहेरच ठेवलेली बरी, असें आमचें स्पष्ट मत आहे. यंत्र मोठें लागत नाहीं. रास्पबेरी पाय सारखें तळहाताएवढें यंत्र एका घराच्या वहीला हवें त्याहून अधिकच आहे. कार्यक्रमांपैकीं बाइंड सर्वांत जुना. १९८४ च्या सुमारास बर्कलेच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनीं तो लिहावयास घेतला. त्याच्या नांवांतला ‘ब’ बर्कलेचा. नेदर्लंडमधला एन. एस. डी. हा त्याहून आटोपशीर आहे व केवळ वही वाचून दाखविण्याचें काम करतो. दोन्ही विनामूल्य मिळतात.

वही म्हणजे साधी मजकुराची फाइल. तींत ओळी थोड्या असतात. संकेतस्थळाचा आंकडा सांगणारी ‘ए’ ओळ; नव्या लांब पत्त्यासाठीं चार ‘ए’ची ओळ; टपाल कोणाकडे द्यावें तें सांगणारी ‘एम. एक्स.’; वही कोणाकोणाकडे आहे तें सांगणाऱ्या ‘एन. एस.’च्या ओळी, आणि अगदीं वर, पोथीच्या पहिल्या पानासारखी, ‘एस. ओ. ए.’ ही नोंद. चुका होतात त्या बहुतेक दोनच जागीं, म्हणून तेथें थोडें थांबूं.

पहिली जागा म्हणजे पूर्णविराम. वहींत पुरें नांव लिहिलें तर त्याच्या शेवटीं टिंब द्यावें लागतें. तें नसेल तर कार्यक्रम असें समजतो कीं, नांव अपुरें आहे, व घराचें नांव पुढें आपण होऊन जोडतो. ‘मेल डॉट अमुक डॉट इन’ ह्यापुढें टिंब राहिलें कीं त्याचें ‘मेल डॉट अमुक डॉट इन डॉट अमुक डॉट इन’ होतें. अशा नांवाचें यंत्र भूतलावर नसतें व टपाल अडतें. मराठी लिहितांना दंड सोडून पूर्णविराम देण्याची संवय आपण लावून घेतली. पण एका टिंबानें इतका अनर्थ होतांना आम्हीं दुसरीकडे पाहिला नाहीं. दुसरी जागा म्हणजे अनुक्रमांक. एस. ओ. ए. नोंदींत एक आंकडा असतो. वही बदलली कीं तो वाढवावयाचा, कारण दुय्यम सर्व्हर मजकूर पाहत नाहींत, हा आंकडा पाहतात. आंकडा वाढला नसेल तर ‘नवें कांहीं नाहीं’ असें समजून ते जुनीच प्रत वाचीत बसतात. तारखेवरून आंकडा करण्याची रीत चांगली आहे. १५ जून २०२५ चा पहिला फेरफार म्हणजे २०२५०६१५०१, दुसरा २०२५०६१५०२. पंचांगवाल्यांच्या घरांत हें सांगावें लागूं नये.

त्याच नोंदींत एक मुदत असते. मुख्य सर्व्हराशीं गांठ पडेनाशी झाली तर दुय्यमानें आपली प्रत किती दिवस खरी मानावी, तें ती सांगते. जुन्या मार्गदर्शनांत ही दोन ते चार आठवडे ठेवावी असें आहे. सेकंदांत लिहावयाची असल्यामुळें दोन आठवड्यांचे १२०९६०० होतात. एवढी एक ओळ आणि बडोद्याची प्रत आमच्याकडे त्या गणपतींत असती, तर आठ काय, तेरा दिवस अंधार असता तरी पत्र पोंचलें असतें. ही मुदत हौसेनें लहान करूं नये. उत्तर ध्यानांत ठेवण्याची जी दुसरी मुदत, टी. टी. एल., ती मात्र प्रसंगानुसार लहानमोठी करतां येते. एरव्हीं एक दिवस ठीक. यंत्राचा पत्ता बदलावयाचा असेल तर दोन दिवस आधीं ती पांच मिनिटांवर आणावी, बदल करावा, मग पुन्हां पूर्ववत् करावी. बिऱ्हाड बदलण्यापूर्वीं पोस्टांत कळवून ठेवावें, तसें हें आहे.

बडोद्याच्या सर्व्हराला जर तुम्हीं ‘एन. एस. एक डॉट अमुक डॉट इन’ असें आपल्याच घराण्याचें नांव दिलें, तर एक नाजूक गांठ बसते. त्याचा पत्ता कळण्यासाठीं वही पाहिजे, आणि वही पाहण्यासाठीं त्याचा पत्ता पाहिजे. कपाटाची किल्ली कपाटांतच. म्हणून अशा सर्व्हराचा आंकडा वरच्या डॉट इनच्या वहींतहि नोंदवावा लागतो. नांव नोंदविणाऱ्या कंपनीच्या पानावर त्यासाठीं निराळी जागा असते. ती बहुधा शोधावी लागते.

आणि एक ताकीद. बाइंड हा कार्यक्रम वही वाचून दाखविण्याचें काम करतो, तसें यात्रेकरूसारखें हिंडून वाटेल त्या नांवाची चौकशी करण्याचेंहि काम करूं शकतो. दुसरें काम बंद करावें. त्यासाठीं मांडणींत ‘रिकर्शन नो’ एवढी ओळ पुरते. तें उघडें राहिलें तर खोडसाळ लोक खोट्या परतीच्या पत्त्यानें लहानसा प्रश्न विचारतात, आणि त्याचें भलें मोठें उत्तर तुमचें यंत्र भलत्याच माणसाच्या अंगावर नेऊन टाकतें. पूर्वीं कांहीं उपद्व्यापी मंडळी दुसऱ्याच्या नांवें व्ही. पी. मागवून त्याला छळीत, त्यांतलाच हा प्रकार. २०१३ च्या मार्चमध्यें स्पॅमहॉस ह्या संस्थेवर असा प्रचंड मारा झाला, तेव्हां अशीं हजारों उघडीं यंत्रें त्यांत वापरलीं गेलीं होतीं, त्यांच्या मालकांना न कळत. तसेंच, वहीची सबंध प्रत उतरून घेण्याची मुभा फक्त आपल्या दुय्यमांनाच असावी, व त्यांच्याशीं आधीं एक गुप्त किल्ली ठरवून घ्यावी. ज्या सर्व्हरांना बाहेरचे लोक विचारणार, त्यांच्या राउटरांत ५३ क्रमांकाचें दार यू. डी. पी. आणि टी. सी. पी. अशा दोन्ही रीतींनीं उघडें पाहिजे. पुष्कळजण पहिलीच रीत उघडतात, आणि मग मोठें उत्तर आलें कीं काम कां अडतें म्हणून डोकें खाजवीत बसतात.

सह्याशिक्क्यांची जी व्यवस्था आहे, डी. एन. एस. सेक म्हणून, तिच्याविषयीं त्यांनीं विचारलें आहे. ती चांगली आहे. मूळ सर्व्हरांवर ती २०१० च्या जुलैपासून आहे. पण तींतल्या किल्ल्या चुकल्या तर खरें उत्तरहि लोक खोटें म्हणून टाकून देतात. सहा महिने साधी वही नीट चालवून दाखवावी, मग तिकडे वळावें.

देवनागरींत नांव घेतां येईल काय, हा त्यांच्या मुलाचा प्रश्न. येईल. डॉट भारत हें देवनागरी नांव २०१४ पासून मिळतें. आम्हांला तें पाहून आनंदच वाटतो. वही लिहितांना मात्र तें नांव रोमन अक्षरांच्या एका विचित्र रूपांत लिहावें लागतें, ज्याच्या आरंभीं एक्स, एन व दोन आडव्या रेघा असतात. तें रूप कांहीं हातानें रचावयाचें नसतें, त्याला साधनें आहेत.

एका गोष्टीकडे आम्हीं स्वतःच्या अनुभवानंतर पाहिलें, आणि तेथेंहि भोंक सांपडलें. नांव कोणाच्या नांवें नोंदविलें आहे? आमचें दादांच्या नांवें होतें. पैसे भरण्याची स्मरणपत्रें कोठें जात? दादांच्या ई-मेलवर. आणि तो ई-मेल? त्याच कुटुंबाच्या नांवावरचा. म्हणजे नांव बंद पडलें तर नांव बंद पडल्याची सूचनाहि बंद. शिवाय दादांचें वय आतां अठ्ठ्याहत्तर. आमच्या परिचयाच्या एका घरीं कर्ते गृहस्थ वारले, परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर गेला, वर्षाची रक्कम भरावयाची राहिली, आणि तीस वर्षांचीं छायाचित्रें ज्या नांवाखालीं होतीं तें नांव परक्याच्या हातीं गेलें. छायाचित्रें यंत्रावर होतींच; पण नात्यागोत्यांत सर्वत्र दिलेला पत्ता भलतेंच कांहीं दाखवूं लागला. आतां आमच्याकडे स्मरणपत्रें तिघांना जातात, त्यांतल्या दोघांचे पत्ते बाहेरचे आहेत. रक्कम एकदम पांच वर्षांची भरली आहे. आणि परवलीचे शब्द एका कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यांत ठेविले आहेत. वहिनींचा त्याला प्रथम विरोध होता. डब्यांत कागद कशाला, असें त्या म्हणाल्या. मग त्यांनींच तो प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून ठेवला.

वही हल्लीं पुतणी ठेवते. आम्हीं तिला तें सांगितलें नव्हतें. तिनेंच मागून घेतली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळीं ती पुण्याच्या यंत्राचा प्लग काढून ठेवते आणि साताऱ्यास दादांना फोन लावते. दादांच्या संगणकावर तिनें एक आज्ञा लिहून ठेविली आहे. ती चौकशी-सर्व्हराच्या जुन्या आठवणीवर न जातां बडोद्याच्या प्रतीलाच थेट प्रश्न विचारते, कारण आठवणींतलें उत्तर आलें तर परीक्षा कसली? दादा चष्मा लावून पडद्यावरचा अनुक्रमांक एक एक अंक करून वाचतात, ती आपल्या वहींतल्या अंकाशीं ताडून पाहते. गेल्या पहिल्या तारखेला दादा शेवटच्या दोन अंकांवर अडखळले. त्यांना ‘शून्य तीन’ दिसत होतें, हिच्याकडे ‘शून्य चार’ होतें. आदल्या रात्रीं केलेला फेरफार बडोद्यापर्यंत पोंचला नव्हता. तिनें प्लग लावला, बडोद्यास आत्याला फोन केला, आणि राउटरावर कोणी तरी कपडे वाळत घातले आहेत काय, असें विचारलें.